१२० पानांचं कॉमिक ११व्या पानावर का अडकतं

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहात. पाण्याखाली गेलेल्या शहराची १२० पानांची गोष्ट डोक्यात आहे. दीड वर्षात ११ पानं झाली, त्यातली पहिली ४ तुम्ही तीनदा नव्याने काढली आणि आता तीही डोळ्यांत खुपतायत. अभ्यास सांभाळून वेळ कुठून काढायचा, ड्रॉइंग टॅब्लेट घेतला तर वेग वाढेल का, आणि हे प्रकरण तडीला कसं न्यायचं, असं तुम्ही पानांचे फोटो जोडून विचारलंय.

आळसाचा आरोप स्वतःवर करून घेऊ नका. चार पानं तीनदा काढणारा माणूस आळशी नसतो. घोळ हिशेबात आहे, आणि तो हिशेब बहुतेक विद्यार्थी कधी मांडतच नाहीत. एका पानाला किती वेळ लागतो हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही. माझा अंदाज आहे की तुम्हालाही ते नेमकं माहीत नसावं. पुढचं पान काढताना घड्याळ लावा आणि टप्प्याटप्प्याने वेळ टिपून ठेवा. काळ्यापांढऱ्या, पाच-सहा चौकटींच्या पानाला शिकणाऱ्या हाताला साधारण एवढं लागतं: कच्चा आराखडा ४० मिनिटं, पेन्सिल ३ तास, शाई अडीच तास, अक्षरं आणि संवादांचे फुगे पाऊण तास, स्कॅन करून साफ करणं ३५ मिनिटं. म्हणजे साडेसात तास. तुमचा आकडा पाच निघेल किंवा बारा. शैलीवर आहे, पार्श्वभूमी किती भरता त्यावर आहे. पाण्याखालचं शहर म्हणजे इमारती आल्या, त्यामुळे बाराच्या बाजूला झुकेल असं वाटतं.

आता वर्षाचे ५२ आठवडे घ्या. परीक्षा, सबमिशन, आजारपण, घरची कार्यं यांचे २० वजा करा. उरले ३२. कॉलेज सांभाळून आठवड्याला ८ तास खरोखर मिळाले (खरोखर म्हणजे मोबाइल बाजूला ठेवून), तर वर्षाला ३४ पानं होतात. १२० पानांना साडेतीन वर्षं. तेही एक पान पुन्हा न काढता.

साडेतीन वर्षांत तुमचा हात कुठच्या कुठे गेलेला असेल, आणि सगळी गोम तिथेच आहे. शिकणाऱ्याचा हात सहा महिन्यांत ओळखू न येण्याइतका बदलतो. ५०व्या पानाला पोचाल तेव्हा पहिलं पान दुसऱ्याच कुणी काढल्यासारखं दिसेल, आणि तुम्ही परत पहिल्या पानावर याल. सुधारणा होतेय म्हणूनच जुनं खुपतं. त्याला औषध नाही आणि असूही नये. गोष्ट मात्र इतकी छोटी घेता येते, की हात बदलायच्या आत ती संपेल.

आणखी एक तुलना सांगते, कारण तुम्ही नकळत तीच करत असणार. अमेरिकेतलं मासिक कॉमिक महिन्याला २०-२२ पानांचं निघतं, पण त्यात लेखक, पेन्सिल करणारा, शाई करणारा, रंग भरणारा आणि अक्षरं घालणारा अशी वेगवेगळी माणसं असतात. आठवड्याला १८-२० पानं देणाऱ्या जपानी मंगा चित्रकाराच्या टेबलाभोवती मदतनीस असतात. पार्श्वभूमी, काळं भरणं, टोन (करड्या छटेसाठी बारीक ठिपके) लावणं हे बरंचसं त्यांचं काम. तुम्ही ही सगळी कामं एकट्याने, दोन लेक्चरच्या मधे करताय. त्यांचा वेग तुमच्या वहीला लावू नका.

तर माझा सल्ला: १२० पानं कपाटात ठेवा आणि त्याच जगातली ८ पानांची गोष्ट करा. प्रश्नात तुम्ही जाता जाता बुडालेल्या शहरात टपाल वाटणाऱ्या बाईचा उल्लेख केलाय. ती घ्या. तिच्याकडे एक पत्र आहे आणि पत्त्यावरचं घर आता जागेवर नाही. एवढं आठ पानांना पुरतं. एक माणूस, एक अडचण, दोन जागा, एक शेवट. तिसरी जागा सुचली तर वहीत लिहून ठेवा, या गोष्टीत आणू नका. प्रत्येक नवी जागा म्हणजे नवी पार्श्वभूमी आणि किमान दोन तासांचा संदर्भ-शोध.

आठच पानं का, तर घडीमुळे. ए४ कागद मधे दुमडला की ए५ची ४ पानं होतात, म्हणून पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच येतात. तीन कागद घेतले की १२ पानं. पहिलं मुखपृष्ठ, दुसरं कोरं, तिसऱ्यापासून दहाव्यापर्यंत गोष्ट, अकराव्यावर तुमचं नाव वगैरे, बारावं मलपृष्ठ. गोष्ट तिसऱ्या पानावर, म्हणजे उजवीकडे सुरू होते. त्यामुळे वाचक पान उलटतो ते गोष्टीच्या १ल्या, ३ऱ्या, ५व्या आणि ७व्या पानानंतर, आणि उलटल्यावर समोर येतात २, ४, ६, ८. जे दाखवून दचकवायचं ते या समपानांच्या पहिल्या चौकटीत ठेवा, आणि प्रश्न निर्माण करणारी चौकट त्याआधीच्या विषम पानाच्या तळाशी. धक्का विषम पानावर ठेवलात तर शेजारचं सम पान वाचतानाच तो डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसतो आणि फुकट जातो. आठवं पान उलटल्यावर एकटं समोर येतं, त्यामुळे शेवटाला ही रचना फार चांगली लागू पडते.

छापताना कागदाच्या एका बाजूला येणाऱ्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज १३ आली पाहिजे: १२-१, २-११, १०-३, ४-९, ८-५, ६-७. जोडी चुकली की पुस्तिका उलटसुलट होते, म्हणून आधी कोऱ्या कागदांची नमुना-पुस्तिका दुमडून त्यावर हाताने आकडे घाला. साधा स्टेपलर मध्यापर्यंत पोचत नाही. लांब हाताचा मिळाला तर उत्तम, नाहीतर मधल्या घडीवर तीन भोकं पाडून सुईदोऱ्याने शिवा.

गोष्ट फक्त पडद्यावर, वरून खाली सरकवत वाचायची असेल तर हे पान उलटण्याचं गणित लागू होत नाही. तिथे दोन चौकटींमधली मोकळी उभी जागा तेच काम करते: जास्त जागा, जास्त थांबणं. अशा पट्टीची रुंदी बहुधा ८०० पिक्सेल असते. काम करताना १६०० वर करा आणि शेवटी निम्मं करा. दोन्हीकडे चालेल असं एकच पान करायला जाऊ नका, दोन्हीकडे अर्धवट बसतं. कुठे वाचलं जाणार हे आधी ठरवा. पुढचं मी छापील पुस्तिका धरून लिहितेय.

आता कच्चा आराखडा, म्हणजे थंबनेल. तुमच्या पोस्टमधल्या फोटोंत थंबनेल दिसत नाहीत, थेट मोठ्या कागदावर पेन्सिल दिसते. पानं पुन्हा काढावी लागण्याचं हे दुसरं मोठं कारण. रचना चुकलेली आहे हे तीन तासांची पेन्सिल झाल्यावर कळलं तर फाडवत नाही, मग आपण चेहरे दुरुस्त करत बसतो. चाळीस मिनिटांच्या थंबनेलवर तेच कळलं तर काही बिघडत नाही.

ए४ कागद तीनदा दुमडला की आठ खणांची घडी पडते, प्रत्येक खण साधारण ७४ बाय १०५ मिलिमीटर. अख्खी गोष्ट एका कागदावर, एका खणात एक पान. काडीची माणसं पुरे, पण दोन गोष्टी सोडायच्या नाहीत: कोण कुठे उभं आहे, आणि संवाद पूर्ण शब्दांत. ‘इथे काहीतरी बोलते’ असं लिहून पुढे गेलात की मोठ्या पानावर फुग्याला जागा उरत नाही आणि तो कुणाच्या तरी डोक्यावर बसतो. अख्ख्या गोष्टीच्या किमान दोन आवृत्त्या करा. पहिल्या आवृत्तीत बहुतेकांच्या सगळ्या चौकटी छातीपर्यंतच्या माणसांच्या निघतात. दुसरीत मुद्दाम पानागणिक एक तरी लांबून दिसणारी आणि एक अगदी जवळची चौकट आणा. लांबची चौकट जागा सांगते. ती नसली तर तिसऱ्या पानावर वाचकाला आपण कुठे आहोत तेच कळत नाही.

थंबनेल झाले की कुणाच्या तरी हातात द्या आणि काही न समजावता त्याला बोट फिरवत वाचायला सांगा. तुम्ही चित्राकडे बघू नका, बोटाकडे बघा. बोट जिथे थबकतं तिथे रचना चुकली आहे. मी कुणाचंही पान तपासते तेव्हा पहिली गोष्ट हीच करते, रेषेकडे नंतर बघते. बोट सगळ्यात जास्त वेळा थबकतं ते या मांडणीत: डावीकडे एकाखाली एक दोन लहान चौकटी, आणि उजवीकडे त्या दोघींइतकी उंच एक चौकट. पहिलीनंतर उजवीकडे जायचं की खाली? बरेच वाचक उजवीकडे जातात. आरसा केल्यासारखी उलटी मांडणी, डावीकडे उंच आणि उजवीकडे दोन, बिनधोक आहे. तुमच्या ६व्या पानावर नेमकी ती पहिली मांडणी आहे. मोडायची नसेल तर डावीकडच्या दोघींमधलं अंतर जवळजवळ मिटवा, उंच चौकटीच्या आधीचं अंतर वाढवा, आणि एखादा फुगा वरच्या चौकटीतून खालच्या चौकटीत उतरवा. फुगा वाट दाखवतो.

एरवीही ओळीतल्या दोन चौकटींत ३ मिलिमीटर आणि दोन ओळींत ६ मिलिमीटर अंतर ठेवलं की ओळ आधी संपवायची हे डोळ्याला आपोआप कळतं. सगळीकडे सारखं अंतर ठेवण्याची नीटनेटकी सवय इथे नडते.

बोलणाऱ्यांची जागा हा याचाच भाग. जो आधी बोलतो तो चौकटीत डावीकडे. डाकवाली उजवीकडे उभी करून तिला आधी बोलायला लावलंत, की तिच्या फुग्याचं शेपूट दुसऱ्याच्या डोक्यावरून न्यावं लागतं. म्हणून पेन्सिल करताना आधी फुगे, मग माणसं. शेपटाचा रोख तोंडाकडे असावा आणि फुगा ते तोंड या अंतराच्या निम्म्याच्या जरा पुढे ते संपावं. ओठाला टेकवू नका, माणूस काहीतरी पितोय असं दिसतं.

देवनागरी अक्षरांबद्दल सविस्तर लिहिते, कारण लेटरिंगवरचं, म्हणजे अक्षरं घालण्यावरचं, बहुतेक मार्गदर्शन रोमन लिपीसाठी असतं आणि ते जसंच्या तसं लावलं की पान बिघडतं. रोमनमध्ये सगळी मोठी अक्षरं वापरून सरळ पट्ट्या बसवता येतात. आपल्याकडे वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि खाली उकार, शिवाय जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीत ‘कुठून’ आणि बरोबर खाली ‘निघालीस’ आलं की उकार वेलांटीत अडकतो. ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या १३० ते १४० टक्के ठेवा. सॉफ्टवेअर आपोआप धरतं ते साधारण १२० टक्के पुरत नाही. त्याच आकड्याचं देवनागरी अक्षर रोमनपेक्षा लहान भासतं, म्हणून छापील पानावर १० ते ११ पॉइंटच्या खाली जाऊ नका. म्हणजे फुगा मोठा होतो. म्हणजे शब्द कमी करायला हवेत. सगळं येऊन ठेपतं ते शब्दांवरच.

ए५च्या पानावर १०० ते १२० शब्द ही माझी वरची मर्यादा, आणि एका फुग्यात २०. त्यातही २० शब्दांचा फुगा पानात एखादाच. तुमच्या ६व्या पानावरचाच डाकवालीचा एक संवाद घेते: ‘अरे, मला वाटलं होतं की तू काल रात्रीच्याच होडीने निघून गेला असशील, पण तू तर अजून इथंच बसलेला दिसतोयस!’ एकोणीस शब्द. तो बसलाय हे चित्रात दिसतंय. शेजारी बांधलेलं बोचकं काढलंत तर निघायचं होतं हेही दिसेल. मग डाकवालीला म्हणायला उरतं काय? ‘गेला नाहीस?’ दोन शब्द, आणि चौकटीला श्वास मिळाला. प्रत्येक फुग्याला हाच प्रश्न विचारा की यातलं चित्राने आधीच काय सांगितलंय. मात्र उलट टोकही गाठू नका. एखादं पात्र बडबडं असेल तर त्याची बडबड कापू नका, तीच त्याची ओळख असते.

शब्द ओळीच्या शेवटी तोडू नका. फुग्यात ओळी मधे रुंद आणि वर-खाली अरुंद बसवा. मजकुराभोवती चारी बाजूंनी एका अक्षराएवढी मोकळी जागा सोडा. शिरोरेखा फुग्याच्या कडेला टेकली की अक्षर छताला डोकं आपटल्यासारखं दिसतं. हस्ताक्षर बरं असेल तर हातानेच लिहा, पण दुरेघी आखून. नुसत्या डोळ्याच्या अंदाजावर ओळ उजवीकडे वर चढत जाते. फॉन्ट वापरणार असाल तर युनिकोड फॉन्टच घ्या आणि आधी ‘किल्ल्या, वाऱ्या, राष्ट्र’ हे तीन शब्द टंकून बघा. ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन बसली किंवा जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेली सुटी अक्षरं दिसली, तर त्या सॉफ्टवेअरला देवनागरी जुळवता येत नाही. फोटोशॉपच्या काही आवृत्त्यांत भारतीय लिप्यांची जुळणी सेटिंगमधून चालू करावी लागते. इंकस्केप हे मोफत सॉफ्टवेअर देवनागरी नीट जुळवतं. चित्र कुठेही करा आणि अक्षरं तिथे घाला.

कागद आणि शाई. मूळ चित्र ए४वर काढून ए५ला छापा. ते ७१ टक्क्यांवर येतं, म्हणून ०.३ मिलिमीटरची रेष छापून ०.२च्या आसपास उतरते. ०.०५चं पेन घ्यायला जाऊ नका. त्याची रेष छपाईत तुटते आणि टोकही लवकर वाकतं. ०.३, ०.५ आणि ०.८ एवढी तीन फाइनलायनर, आणि मोठ्या काळ्या जागांना ब्रश. कागद गुळगुळीत आणि १८० ते २०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा). झेरॉक्सच्या पातळ कागदावर शाई रेषेच्या दोन्ही बाजूंना पसरते आणि रेष केसाळ दिसते. पेन बदलून ते जात नाही. पहिल्या पुस्तिकेत चित्र कागदाच्या कडेपर्यंत नेऊ नका. घरगुती प्रिंटर कडेचे चार-पाच मिलिमीटर बहुधा छापतच नाहीत. मूळ कागदावर चारी बाजूंनी १२ मिलिमीटर सोडा.

पेन्सिल हलक्या हाताने, एचबी किंवा एच. २एच दाबून चालवली की कागदात चर पडतात आणि नंतर शाई त्या चरात धावते. फिकट निळी रंगीत पेन्सिल वापरलीत तर खोडायचंच नाही: रंगीत स्कॅन करा, सॉफ्टवेअरमध्ये लाल, हिरवा, निळा या तीन रंग-थरांपैकी (चॅनेल) फक्त निळा ठेवा, निळी रेष जवळजवळ नाहीशी होते. खोडायचंच असेल तर शाई पूर्ण वाळू द्या, आणि लक्षात ठेवा की फाइनलायनरची काळी रेष खोडरबराने करडी पडते. टाक वापरून बघायचा असेल तर नवी निब आधी भांड्यांच्या साबणाने धुऊन पुसा. गंज लागू नये म्हणून तिला तेलकट लेप दिलेला असतो, त्यामुळे शाई थेंबाथेंबाने गोळा होते आणि लोक निब वाईट म्हणून टाकून देतात. टाकाची लाखयुक्त इंडिया इंक फाउंटन पेनात भरू नका. आत वाळली की पेन कायमचा बसतो.

क्रम असा ठेवा: आधी अक्षरं आणि फुगे, मग चौकटींच्या कडा, मग पुढची माणसं, मग मागचं, आणि काळं सगळ्यात शेवटी. पुढच्या गोष्टींची बाह्यरेषा जाड, मागच्यांची बारीक. पाण्याखालच्या चित्रात एवढ्यानेही खोली दिसते, प्रत्येक विटेला रेष द्यावी लागत नाही. काळं भरण्याआधी पान लांब धरून डोळे किलकिले करून बघा. काळ्याचे ठिपके सगळीकडे सारखे विखुरलेले दिसले तर नजर कुठेच ठरत नाही. एका पानात काळ्याचा एकच मोठा ढीग असू द्या, आणि तो महत्त्वाच्या चौकटीजवळ.

स्कॅन ६०० डीपीआयने, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. ए४चं ए५ झाल्यावर ते जवळजवळ ८५० होतं, काळ्यापांढऱ्या रेषेला भरपूर. फाइल पीएनजी किंवा टिफ ठेवा. जेपीजी पुन्हापुन्हा साठवली की रेषेभोवती करड्या मुंग्या जमतात. ठिपक्यांचा टोन डिजिटल लावणार असाल तर चित्र अंतिम मापाला आणल्यावरच लावा. लावून मग लहान केलंत तर ठिपक्यांत लाटांसारखी नक्षी उमटते, आणि पडद्यावर न दिसलेली ती छापल्यावर हमखास दिसते. मोबाइलवर फोटो काढून काम भागवू नका; पान एका बाजूला निमुळतं होतं आणि एक कोपरा करडा येतो.

टॅब्लेटबद्दल. तुमच्या वेळापत्रकातला कुठला टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो त्यावर ते अवलंबून आहे. म्हणूनच घड्याळ लावायला सांगितलं. शाई, खाडाखोड आणि स्कॅनची सफाई यात वेळ जात असेल तर टॅब्लेटने पानामागे दीड-दोन तास वाचू शकतात. पेन्सिलमध्ये, म्हणजे कोण कुठे उभं राहील हे ठरवण्यात जात असेल, तर काहीच वाचत नाही. बिनपडद्याचा साधा टॅब्लेट शिकायला पुरतो. हात इथे आणि डोळा तिथे याची सवय व्हायला दोन-तीन आठवडे जातात. क्रिटा हे मोफत सॉफ्टवेअर या कामाला उत्तम आहे. धोका झूमचा. चारशे टक्क्यांवर आपण डोळ्याच्या कडेचे केस काढत बसतो आणि छापील पानावर तिथे एक ठिपका येतो. छापील मापाची दुसरी खिडकी सतत उघडी ठेवा आणि दोनशे टक्क्यांच्या वर जाऊ नका. शिवाय कागदावर पान चार वेळा सुधारलं की कागद फाटतो, टॅब्लेटवर कितीही वेळा सुधारता येतं. तुमचा स्वभाव बघता हा धोका तुम्हाला इतरांपेक्षा जास्त, म्हणून पहिली आठ पानं कागदावर करा असंच मी म्हणेन.

वेळ बसवताना पानाप्रमाणे नको, टप्प्याप्रमाणे जा. आठही पानांचे थंबनेल, मग आठही पानांची पेन्सिल, मग शाई. एकेक पान पूर्ण करत गेलात तर पहिल्या आणि आठव्या पानात दोन महिन्यांचं अंतर पडतं आणि पात्राचं नाकही बदललेलं असतं. टप्प्याने गेलात तर हात सगळीकडे सारखा राहतो, आणि पहिलं पान नव्याने काढायची ऊर्मीही येत नाही, कारण पहिलं पान असं वेगळं पूर्ण झालेलंच नसतं. तरी पेन्सिलला बसण्याआधी डाकवालीचं समोरून, बाजूने आणि पाठीमागून असं एक-एक चित्र काढून भिंतीला लावा. उंची डोक्याच्या किती पट, पिशवी कुठल्या खांद्यावर, तेवढं पक्कं करा. पिशवी खांदा बदलते ही सगळ्यात जास्त सापडणारी चूक आहे.

शिवाय प्रत्येक टप्प्याला वेगळं डोकं लागतं. थंबनेलला ताजं, म्हणून ते सुटीच्या सकाळी. कडा आखणं, काळं भरणं, स्कॅन साफ करणं हे दमलेल्या रात्रीही जमतं. थंबनेलला फक्त वही लागते, त्यामुळे प्रवासात आणि मागच्या बाकावरही ते होतात (हे मी सुचवलं असं तुमच्या प्राध्यापकांना सांगू नका). साडेसात तासांच्या हिशेबाने आठ पानं ६० तासांची, त्यात मुखपृष्ठ आणि थंबनेलची दुसरी आवृत्ती धरली की ७५ तास. आठवड्याला ८ तास म्हणजे साडेनऊ आठवडे, एका सत्रात बसतं. परीक्षेसाठी थांबताना पान पूर्ण करून थांबू नका. चौकट अर्धी ठेवा आणि कोपऱ्यात निळ्या पेन्सिलने लिहा: ‘डावा हात, मग जिना’. तीन आठवड्यांनी परत बसताना सुरुवात कुठून करायची हा प्रश्नच येत नाही. सलग ४५ मिनिटांपेक्षा जास्त रेष ओढू नका, आणि लांब रेष मनगटातून नको, खांद्यातून ओढा. बोटांना मुंग्या येत असतील तर काम थांबवा, चार दिवसांत मुंग्या थांबल्या नाहीत तर डॉक्टरला दाखवा. सबमिशन आणि कॉमिक एकाच हाताने करायचं असतं.

वाचनाचंही जाता जाता. तुम्ही भरपूर कॉमिक्स वाचता असं लिहिलंय. आठवड्यातून एक आवडतं पान घ्या आणि त्याचा उलटा थंबनेल काढा: नुसत्या चौकटी, काडीची माणसं, फुग्यांच्या जागा. कडेला लिहा, चौकटी किती, शब्द किती, लांबच्या चौकटी किती. अर्ध्या तासाचं काम आहे. दहा पानं झाली की तुमच्या लक्षात येईल, आपल्याला ज्याचं रेखाटन आवडतं असं वाटत होतं त्याची खरं तर मांडणी आवडत होती. रेषा गिरवण्यापेक्षा यातून जास्त हाती लागतं. नक्कल केलेलं पान वहीतच राहू द्या.

पुस्तिकेच्या दहा प्रती काढा आणि वाचणाऱ्याला ‘कशी वाटली’ असं विचारू नका, सगळे छानच म्हणतात. ‘काय झालं ते सांग’ असं विचारा. पत्र शेवटी कुणाला मिळालं हे दहापैकी चौघांना सांगता आलं नाही, तर ७वं आणि ८वं पान दुरुस्त करायचं, बाकीच्यांना हात लावायचा नाही. स्पर्धेला पाठवणार असाल तर हक्कांचं कलम आधी वाचा. प्रवेशिका पाठवली की सगळे हक्क आयोजकांचे, असं लिहिलेलं असेल तर १२० पानांच्या जगातलं पात्र तिथे देऊ नका.

आणि ती ११ पानं फाडू नका. मागे तारीख घाला, स्कॅन करा, मूळ कागद सपाट फाइलमध्ये ठेवा. पुढे कुणाला काम दाखवायची वेळ आली तर सुटी चित्रं नेण्याऐवजी सलग पानं न्या, कारण बघणारा गोष्ट सांगता येते का हे बघतो. त्यासाठी ही पुस्तिका नेता येईल. ६व्या पानावरचा बुडालेला जिना मात्र मला आवडला. तो डाकवालीच्या गोष्टीतली दुसरी जागा म्हणून जसाच्या तसा वापरता येईल, आणि इमारतींच्या संदर्भ-शोधाचे दोन तास वाचतील.